आरशाची साक्ष

संसारांत जुन्या वस्तूंविषयीं नेहमीं दोन पक्ष असतात. एकाचें म्हणणें असें कीं, जी वस्तु दोन वर्षांत कोणीं हातीं धरली नाहीं ती घरांत ठेवूं नये. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, जी वस्तु चाळीस वर्षें टिकली ती आपल्यापेक्षां शहाणी असली पाहिजे. आमच्या घरीं पहिल्या पक्षाचें नेतृत्व आमच्या सौ. करितात आणि दुसऱ्या पक्षांत आम्ही एकटेच आहों. त्यामुळें मतमोजणीचा प्रसंग सहसा येत नाहीं. चार वर्षांपूर्वीं दिवाळीच्या झाडलोटींत माळ्यावरची लोखंडी ट्रंक खालीं उतरली, तेव्हां तिचाहि निकाल असाच बिनविरोध लागावयाचा होता. परंतु तिच्या झांकणावर पांढऱ्या रंगानें आमच्या वडिलांचीं आद्याक्षरें लिहिलेलीं होतीं, आणि तीं पाहून विरुद्ध पक्षानें आपण होऊन माघार घेतली.

आमचे वडील—आम्ही त्यांस अण्णा म्हणत असूं—साताऱ्यास एका महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. मोठ्या वृक्षांविषयीं त्यांस आदर होता. प्रेम मात्र गुडघ्याखालच्या वनस्पतींवर. शेवाळें, नेचे, गवताचीं फुलें, भिंतीच्या फटींत उगवणारीं रोपें यांपुढें ते तासन् तास उकिडवे बसत. "वड काय, तो कोणालाहि दिसतो," असें ते म्हणत. या बारीक जगाचीं छायाचित्रें घेतां यावींत म्हणून त्यांनीं १९७३ सालीं, आईच्या हिशेबानें एक दुभती म्हैस आली असती एवढ्या पैशांत, वापरलेला एक कॅमेरा आणि त्याबरोबर एक मॅक्रो भिंग विकत घेतलें. ट्रंकेंत तीं दोन्ही होतीं. शिवाय निगेटिव्हांचीं पाकिटें, स्लाइडांचे पांच डबे आणि अण्णांच्या बारीक अक्षरांतील टांचणवह्या. भिंग ॲल्युमिनियमच्या डब्यांत डांबराच्या गोळ्यांसह ठेविलें होतें. डब्याच्या तळाशीं घडी घातलेला एक कागद होता. तो गोळ्यांखालचा कागद समजून आम्हीं तसाच बाजूस ठेविला.

भिंग दिसावयास अगदीं सामान्य. मुठींत मावेल एवढें, वजनानें मात्र चांगलें भरदार. कारण त्या काळीं यंत्रें धातूचीं करीत, आणि ग्राहकासहि वजन हातास लागल्यावांचून किंमत पटत नसे. त्याचें नाभ्यंतर ५० मिलिमीटर. त्याची कडी फिरवूं लागलें कीं नळकांडें पुढें पुढें येतें, आणि पुरें पंचवीस मिलिमीटर बाहेर आलें म्हणजे मुंगीची प्रतिमा फिल्मवर मुंगीच्या निम्म्या आकाराची उमटते. हें ऐकावयास फारसें वाटत नाहीं. परंतु साध्या भिंगांत हेंच प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर थांबतें. शिवाय साधें भिंग घडविलेलें असतें दूरचें पाहण्यासाठीं. त्यास फार जवळ नेलें तर चित्राचे कोपरे विरघळूं लागतात. मॅक्रो भिंगाची कांच जवळच्या वस्तूसाठींच हिशेब करून घांसलेली असते, आणि समोरचा कागद सपाट असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यांतील अक्षरें तें सारख्याच निष्ठेनें उतरवितें.

अक्षरांचा उल्लेख आम्हीं उगाच केलेला नाहीं. या जातीच्या भिंगांचा इतिहास आम्हीं पुढें वाचला, तेव्हां असें आढळून आलें कीं, फुलांनीं व कीटकांनीं आपल्याकडे फार मान घेऊं नये. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठीं पहिलें मॅक्रो भिंग म्हणून ज्याचा निर्देश होतो तें हाइन्झ किलफिट यांचें मॅक्रो-किलार १९५५ सालीं लिक्टेनस्टाइनसारख्या चिमुकल्या देशांत तयार झालें. पुढच्याच वर्षीं जपानांत ५ सेंटिमीटरचें मायक्रो-निक्कॉर निघालें, तें कागदपत्रांच्या सूक्ष्म प्रती फिल्मवर उतरविण्यासाठीं. रोमन लिपीचीं सव्वीस अक्षरें जरा पुसट आलीं तरी वाचतां येतात. परंतु जपानी लेखनांतील कांजी अक्षरांत एकेका अक्षराच्या पोटीं पंधरा-वीस रेघा असतात, आणि दोन रेघा एकमेकींस चिकटल्या कीं अर्थाचा अनर्थ. तेव्हां इतर देशांचें भागत होतें तेवढ्या कांचेवर त्यांचें भागेना. लिपीच्या अडचणींतून भिंग सुधारावें ही गोष्ट आम्हांस फार आवडली. आमच्या मोडी दफ्तरांवर कोणाची अशी कृपादृष्टि वेळींच झाली असती तर! असो.

अण्णांच्या भिंगाची स्थिति मात्र शोचनीय होती. डांबराच्या गोळ्या कसरीस भितात, बुरशीस नाहीं. आणि साताऱ्याच्या पावसांत बंद पेटीसारखें बुरशीस दुसरें माहेर नाहीं. कांचेच्या आंत कडेनें कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरले होते. मुंबईस फोर्टांतील बोराबाजारांत कॅमेऱ्यांच्या दुकानांची जी दाटी आहे तींत एक वृद्ध कारागीर आम्हांस भेटले. त्यांनीं भिंग उजेडाकडे धरून पाहिलें, कडी दोनदां फिरवली, आणि विचारलें, "विकायचंय कीं वापरायचंय?" वापरावयाचें आहे असें सांगतांच त्यांनीं तें ठेवून घेतलें. आठ दिवसांनीं भिंग परत आलें तें स्वच्छ. मात्र एका कांचेवर बुरशीनें कोरलेली एक फिकट खूण राहिली होती. "हिचा त्रास फक्त सूर्यासमोर," ते म्हणाले. तें खरें ठरलें.

आतां हें जुनें भिंग लावावयाचें कशास? आमच्या कन्येनें आपला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, कॅमेरा नवा घेतल्यामुळें जुना आमच्या स्वाधीन केला होता. या दोन पिढ्यांची सोयरीक कशी जमते हें थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावरच अवलंबून आहे. अण्णांच्या जातीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें पंचेचाळीस अंशांत तिरपा बसविलेला एक आरसा असतो. भिंगांतून आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून वर दुधी कांचेवर पडतो, आणि तेथील प्रतिमा लोलकांतून डोळ्यास दिसते. खटका दाबला कीं आरसा वर उडतो, आणि आजवर डोळ्यास मिळत असलेला प्रकाश क्षणभर फिल्मला मिळतो. म्हणजे ज्या क्षणीं चित्र उमटतें त्या क्षणीं छायाचित्रकार आंधळा असतो; त्यानें पाहिलेलें तेंच फिल्मनेंहि पाहिलें असेल, हें तो आरशाच्या शब्दावर मानतो. या आरशाला हालचालीस जागा हवी, म्हणून भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ऐसपैस अंतर ठेवावें लागे. अण्णांच्या भिंगाचें तोंड ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांचें. १९४९ पासून अनेक देशांतील अनेक कारखान्यांनीं हेच आटे वापरले. त्यांत हें अंतर ४५.४६ मिलिमीटर असतें.

२००८ सालीं पॅनासोनिकचा जी-१ हा बिनआरशाचा कॅमेरा निघाला, आणि २०१३ सालीं सोनीनें जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर अशा कॅमेऱ्यांत बसविला. आरसा गेला, त्याबरोबर त्याच्यासाठीं राखलेली जागाहि गेली. आमच्या हातीं आलेल्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत अवघे अठरा मिलिमीटर. तेव्हां जुनें भिंग बसविण्यास लागतें काय, तर सुमारें साडेसत्तावीस मिलिमीटर लांबीची एक पोकळ कडी. तिला ॲडॅप्टर म्हणतात. तींत कांच नाहीं, तार नाहीं, कांहीं नाहीं. दोघांनीं हॉटेलांत जेवावें एवढ्या पैशांत ती मिळते. "पोकळीला पैसे मोजणारे तुम्हीच," असें आमच्या सौ. म्हणाल्या, आणि वस्तुस्थितीच तशी असल्यामुळें आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

पहिल्या दिवशीं फजीति झाली. कॅमेऱ्याला भिंग लावलें, तुळशीवरच्या मुंगळ्यासमोर बसलों, खटका दाबला; कॅमेरा स्तब्ध. पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, भिंग लावलेलें नाहीं! नवीं भिंगें विजेच्या स्पर्शांतून आपलें नांवगांव कॅमेऱ्यास सांगतात. अण्णांच्या भिंगास तशी बोलण्याची संवय नव्हती, आणि जो स्वतःची जाहिरात करीत नाहीं तो अस्तित्वांतच नाहीं असें मानण्याचा या यंत्राचाहि रिवाज दिसला. अखेर कन्येस विचारतां कळलें कीं, भिंग नसतांहि खटका चालावा अशी एक परवानगी आंतल्या यादींत देऊन ठेवावी लागते. आम्हीं ती दिली.

मग मात्र जें दिसलें तें आम्ही सहज विसरणार नाहीं. जुन्या कॅमेऱ्यांत छिद्र लहान केलें कीं डोळ्यापुढें अंधार होई. शिवाय नळकांडें बाहेर येईल तसा उजेड आणखी कमी. निम्म्या आकाराचें चित्र घेतांना प्रकाश सव्वादोन पटींनीं घटतो. अण्णा डोक्यावर काळें फडकें घेऊन बसत तें यासाठीं. येथें तसें नाहीं. सेन्सरवर जें पडतें तेंच व्ह्यूफाइंडरांत दिसतें, आणि उजेड कमी असला तरी यंत्र तो वाढवून दाखवितें. एक कळ दाबली कीं चित्राचा मधला भाग दसपट मोठा होतो. दुसरी एक सोय अशी कीं, ज्या कडा स्पष्ट असतील त्यांभोंवतीं लाल रेघ उमटते. तिला फोकस पीकिंग म्हणतात. मुंगळ्याच्या मिशीवर ती लाली चढतांना पाहून प्रथम आम्हांस मौज वाटली. पुढें आम्ही ती बंद ठेवूं लागलों, कारण ती जरा उदार आहे. जें जवळजवळ स्पष्ट असतें त्यासहि ती शाबासकी देते.

आणि या कामांत 'जवळजवळ' चालत नाहीं. निम्म्या आकारास छिद्र आठच्या आंकड्यावर ठेवलें तर स्पष्ट दिसणारा थर सारा मिळून तीन मिलिमीटरांचा. चारच्या आंकड्यावर दीड. मुंगळ्याचा डोळा साधला तर पाय गेले, पाय साधले तर डोळा गेला. अशा वेळीं कडी फिरवून साधत नाहीं, हें आम्हांस आठ दिवसांनीं उमगलें. कडी एकदां हव्या त्या आकारावर ठेवावी, आणि आपणच श्वास सोडीत किंचित् पुढें किंवा मागें झुकावें. समोरच्या वस्तूंतून तो स्पष्टतेचा पातळ पडदा सरकत जातो, आणि हव्या त्या ठिकाणीं आला कीं खटका दाबावा. अण्णा कॅमेरा डोळ्यास लावून पूजेस बसल्यासारखे मागें-पुढें डुलत, आणि आम्ही भावंडें त्यांची नक्कल करून हंसत असूं. तें डुलणें काय होतें हें साठीनंतर स्वतः डुलूं लागल्यावर समजलें.

जुनें तें सोनें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं, हेंहि येथेंच सांगून टाकूं. आजचीं मॅक्रो भिंगें अधिक स्वच्छ चित्र देतात, पूर्ण आकारापर्यंत जातात, आणि आपलें आपण नेम धरतात. आमचें भिंग सूर्य समोर आला कीं चित्रावर दुधाची साय पसरवितें. छिद्र कोणतें ठेविलें होतें याची नोंद कोठेंहि राहत नाहीं. आणि वारा सुटला कीं सगळीच प्रार्थना व्यर्थ. ज्यास फुलपांखरूं उडतां उडतां धरावयाचें आहे त्यानें या वाटेस जाऊं नये. परंतु शेवाळ उडत नाहीं. आणि आमच्या वयांत आम्हीहि नाहीं.

या नव्या छंदाच्या भरांत एका पावसाळ्यांत अण्णांच्या स्लाइडांच्या प्रती काढण्याचें मनांत आलें. खालीं पांढऱ्या प्रकाशाची पाटी, वर तिवईवर कॅमेरा, आणि त्याला तेंच भिंग. ज्या भिंगानें तीं चित्रें घेतलीं त्यानेंच त्यांच्या प्रती उतरवाव्या, यांत आम्हांस एक प्रकारचें औचित्य वाटलें. प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर अण्णांनीं वनस्पतीचें नांव, ठिकाण व तारीख लिहून ठेविली होती. कासच्या पठाराचीं चित्रें पुष्कळ. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जागतिक वारशाच्या स्थळांत कासची गणना झाली आणि आतां तेथें भाद्रपदांत जत्रा लोटते. अण्णांच्या काळीं तेथें गुराखी आणि अण्णा यांखेरीज कोणी नसे. 'सीतेचीं आसवें' या नांवाचीं तीं जांभळीं-निळीं फुलें, आणि पानांवरील चिकट थेंबांनीं किडे धरणारी 'दवबिंदू' ही वनस्पति, या दोहोंचीं चित्रें त्यांनीं वर्षानुवर्षें घेतलीं.

१९८६ पर्यंतच्या स्लाइडा पाहून आम्ही थक्क झालों. दवबिंदूच्या एकेका केसावरील थेंबांत आकाश दिसत होतें. १९८७ च्या पावसाळ्यापासून मात्र सारेंच पुसट. ही गोष्ट आम्हांस नवीन नव्हती. त्या वेळीं आम्ही मुंबईस नोकरींत होतों, आणि अण्णा नव्या चित्रांच्या प्रती टपालानें आम्हांस धाडीत. वर्ष-दीड वर्ष पुसट चित्रें येत राहिलीं. ते अठ्ठावन वर्षांचे झाले होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनीं दोनदां चष्मा बदलला, आणि डॉक्टरांनींहि मोतीबिंदूची किंचित् सुरुवात असल्याचें सांगितलें. मग काय विचारतां? कारण सांपडलें. १९८९ सालीं त्यांनीं कॅमेरा पेटींत ठेविला तो कायमचा. २००४ सालीं ते गेले.

परंतु दहापट मोठ्या केलेल्या चित्रांत आतां आम्हांस एक निराळीच गोष्ट दिसली. दवबिंदूचीं पानें पुसट होतीं हें खरें. पण त्यांच्या मागें बोटभर अंतराच्या आंत जें गवताचें पातें होतें त्याची कूस न् कूस मोजतां येत होती. दुसरी स्लाइड घेतली, तिसरी घेतली. जेथें मागें कांहीं असेल तेथें तें स्पष्ट, पुढचें फूल पुसट. थकलेल्या डोळ्याचा नेम कधीं पुढें चुकेल, कधीं मागें चुकेल. तो इतक्या शिस्तीनें एकाच बाजूस चुकणार नाहीं. सत्तर-ऐंशीं चित्रें आणि चूक प्रत्येक वेळीं तीच, तेवढीच!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं अण्णांच्या कॅमेऱ्यांत एक काळीपांढरी फिल्म भरली. अण्णा उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म वापरीत व न्हाणीघरांत स्वतः धुवीत. आम्हांस ती पुण्यास धाडावी लागली. मोजपट्टी पंचेचाळीस अंशांत कलती ठेवून, भिंग पूर्ण उघडें ठेवून, पन्नासाव्या मिलिमीटरच्या रेघेवर नेम धरला. व्ह्यूफाइंडरांत ती रेघ केसासारखी स्वच्छ होती. फिल्मवर पन्नास पुसट आणि पंचावन-छपन्न स्वच्छ. बारा चित्रें घेतलीं, बाराहि तशीच. भिंग तेंच असून बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर त्याचा नेम कधीं चुकला नव्हता, कारण तेथें डोळा आणि चित्र यांच्यामध्यें साक्ष देणारा कोणी नाहींच.

कॅमेरा घेऊन पुन्हां बोराबाजार गांठला. त्या वृद्ध कारागिरांनीं भिंग काढून आंत चिमट्याच्या टोकानें आरसा हळूच दाबून पाहिला. आरसा खालीं येऊन ज्या बारीक खिळीवर टेकतो ती किंचित् वांकली होती. त्यामुळें आरसा आपल्या ठरल्या कोनाच्या किंचित् पलीकडे जाऊन थांबत होता, आणि दुधी कांचेपर्यंतची वाट फिल्मपर्यंतच्या वाटेएवढी राहिली नव्हती. फरक मिलिमीटरपेक्षांहि कमी. दूरचा डोंगर घेतांना तो कदाचित् ध्यानांतहि आला नसता. निम्म्या आकाराच्या चित्रांत त्याचे चौपट होतात. त्यांनीं कॅमेरा उलटा करून त्याच्या तळच्या कोपऱ्यावरील एका खळीवर बोट ठेविलें आणि म्हणाले, "पडला होता कधीं तरी."

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९८७ च्या मे महिन्यांत आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासासाठीं तो कॅमेरा आम्हीं अण्णांकडून मागून नेला होता. परत येतांना मोटारीच्या वरच्या फळीवरून पिशवी खालीं आली. कॅमेरा बाहेर काढून पाहिला. कांच फुटली नव्हती, खटका वाजत होता, कोपऱ्यास मात्र एक खळी पडली होती. घरीं पोंचल्यावर तो आम्हीं त्याच्या चामडी पेटींत घालून कपाटांत ठेविला, आणि 'सारें ठीक आहे ना?' या अण्णांच्या प्रश्नास 'हो' म्हटलें. ती खळी त्यांच्या दृष्टीस पडली नसेल असें संभवत नाहीं. त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. ती खीळ त्याच वेळीं वांकली असें कोणीहि शपथेवर सांगूं शकणार नाहीं, हें कारागिरांनींहि सांगितलें; आणि आम्हीहि तें स्वतःस पुष्कळदां सांगून पाहिलें आहे. पण तारखा आमच्या बाजूनें बोलत नाहींत.

घरीं आल्यावर डब्याच्या तळाचा तो कागद आठवला. घडी उघडली. तें आमचेंच पत्र होतें, १९८९ च्या जानेवारींतलें, कचेरीच्या कागदावर लिहिलेलें. मजकूर चार ओळींचा. फोटो पोंचले, कांहीं अस्पष्ट आहेत, या वयांत इतकें बारीक काम करून डोळ्यांस शीण देऊं नये, आतां आराम करावा. शेवटीं आम्हीं 'काळजी वाटते म्हणून लिहिलें' असेंहि घातलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. अण्णांनीं त्या पत्राचा राग धरला असता तर तें फाडून टाकलें असतें. त्यांनीं तें भिंगाखालीं जपून ठेविलें.

हें सर्व आईस सांगावें कीं न सांगावें, यावर आमच्या घरीं दोन दिवस खल झाला. ती नव्वदीच्या घरांत. कानांनीं थोडी मंद, बाकी खणखणीत. अखेर सौ.नींच सांगितलें, आणि आमची कबुलीहि न वगळतां. आईनें सारें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "डोळ्यांचं काय घेऊन बसलात? माझ्या सुईंत दोरा शेवटपर्यंत तेच ओवून देत. रात्रीं, दिव्यावर." आणि थोड्या वेळानें, आमच्याकडे न पाहतां, "कॅमेरा पडल्याचं त्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीला टाका म्हटलं, तर म्हणाले, तो एवढा 'ठीक आहे' म्हणाला आहे, आतां दुरुस्तीला टाकला तर त्याला लागेल." त्यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. सौ. उठून चहा ठेवावयास गेल्या.

गेल्या भाद्रपदांत आम्ही कासला गेलों. गर्दी टाळावी म्हणून आठवड्याच्या मध्यें, सकाळीं सातच्या आंत. धुकें होतें, वारा नव्हता. असा योग वर्षांतून दोन-तीनदां येतो. कातळावरच्या ओलाव्यांत दवबिंदूचीं रोपें तांबूस झालीं होतीं. गुडघ्याखालीं गोणपाट घालून आम्ही पाऊण तास तेथें डुललों. अण्णांच्या १९८७ च्या एका स्लाइडवर जागेची खूण बारकाईनें लिहिलेली आहे, त्या खुणेच्या आसपासचीच ती जागा असावी. सत्तावीस चित्रें घेतलीं, त्यांत एक साधलें: एका पानाचे सारे केस, प्रत्येकाच्या टोकाशीं थेंब, आणि दोन थेंबांच्या मधोमध अडकलेलें चिलट.

संध्याकाळीं तें आईस दाखविलें. तिनें कॅमेरा दोन्ही हातांत धरून, मान मागें नेऊन, बराच वेळ पडद्याकडे पाहिलें.

"छान आहे," ती म्हणाली. "पण मागचं गवत कां रे पुसट आलं? अण्णांच्या फोटोंत तें किती सुरेख येई."